एका धडाची चार तोंडं

हवेची यंत्रं आमच्याकडे मंगळवारच्या बैलबाजारात मिळतात. शहरात ती दुकानातून घेतात, असं ऐकून आहे. दुकानातलं यंत्र खोक्यात बंद असतं. बंद खोक्यातलं जनावर मी आयुष्यात घेतलं नाही.

माझं नाव जानराव वानखडे. शाळा दुसरीपर्यंत. पण पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा झाला तर मला सोबत नेतात. बैल पारखायला शाळा लागत नाही. डोळे लागतात, आणि स्वतःचं तोंड बंद ठेवता यावं लागतं.

यंत्र घ्यावं लागलं ते माझ्या दोन मुलांमुळे. थोरला भास्कर वेल्डिंग करतो. दिवसभर आगीसमोर बसून घरी येतो तो तापलेल्या तव्यासारखा. त्याला गारवा लागतो. धाकटा प्रल्हाद संत्र्यांच्या शीतगृहात कामाला आहे. तो गारठून येतो. त्याला ऊब लागते. भास्करच्या कूलरचं ओलं वारं ओसरीवर आलं की प्रल्हाद शेगडी पेटवायचा. शेगडीचा धूर भास्करच्या खोलीत गेला की भास्कर ताट सरकवून उठायचा. दोघांच्या बायका समजूतदार. त्या काही बोलत नसत, आणि ते जास्त वाईट होतं.

माघात भास्कर म्हणाला, “बाबा, अंगणात भिंत घालू. त्याचं त्याले, माह्यं मले.”

प्रल्हाद लगेच हो म्हणाला. फार दिवसांनी दोघांचं एकमत झालं.

विटा येऊन पडल्या. अंगणाच्या मधोमध चुन्याची रेघ मारली गेली. तुळस एकीकडे गेली, न्हाणी दुसरीकडे. माझी बायको तानाबाई हातात तांब्या घेऊन त्या रेघेशी येऊन थांबली.

“आंग धुऊन तुळशीले पाणी घालाले आता कोणाच्या घरून जाऊ?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी बाजारात गेलो.

यंत्रं बैलांच्या रांगेपलीकडे कडुनिंबाखाली बांधलेली असतात. सावलीतच बांधावी लागतात. उन्हात त्यांना धाप लागते. मधे एक धड असतं, चौकोनी, पोटात पंखा असलेलं. ते घराबाहेर उभं राहतं आणि सगळं ओझं ओढतं. त्याला नळ्यांनी जोडलेली पांढरी लांबट तोंडं असतात. एका खोलीत एक तोंड. काही धडांना दोन असतात, काहींना तीन. मला चार तोंडांचं हवं होतं. दोन मुलांच्या दोन खोल्या, एक आमची, एक स्वयंपाकघर.

रहमतभाई दलाल माझ्या जुन्या ओळखीचा. त्याने आधी एक थोराड यंत्र पुढे केलं. भोवती पोरांची गर्दी होती. त्याच्या तोंडापुढे उभं राहिलं तर टोपी उडत होती.

“पहा जानरावभाऊ. अख्ख्या बाजारात याच्या जोडीचं नाई.”

“मोठं जनावर लहान वावरात वळता वळताच दमते,” मी म्हणालो. “धावते, थांबते. पुन्हा धावते, पुन्हा थांबते. काम होत नाही आणि खोलीतली ओल तशीच राहते.”

रहमतभाई हसला. “तुम्ही ओळखता का नाई, तेच पाहत होतो. नसतं ओळखलं तर हेच बांधून देत होतो.”

दुसरं दिसायला देखणं होतं, पण उभ्या जागी थरथरत होतं. पायाखालची जमीन हलवणारं जनावर रात्री कोणाला झोपू देत नाही. तिसऱ्याची तोंडं एकमेकांवर फुसफुसत होती. तेवढं आमच्या घरी होतंच.

चौथं कोपऱ्यात उभं होतं. राखाडी, मध्यम बांध्याचं. चारही पाय जमिनीला सारखे टेकलेले. मी त्याच्या पोटाला कान लावला. आत रवंथ केल्यासारखा एकसारखा आवाज. मग एकेका तोंडाखाली हात धरला. मोठ्या तोंडाचा श्वास मोठा, लहानाचा बेताचा. कुठे धसमुसळेपणा नाही, कुठे हात आखडता नाही. मी मागे सरून त्याला पुन्हा एकदा पायापासून वरपर्यंत पाहिलं. असं जनावर बाजारात दरवेळी येत नाही. छाती भरून आली. मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

“कसं वाटते?” रहमतभाईने विचारलं.

“बरं आहे.”

मी बरं म्हणालो म्हणजे काय, ते रहमतभाईला ठाऊक आहे. त्याने खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. आम्ही रुमालाखाली हात धरले. बोटांनी बोलणं झालं. तो भाव तिसऱ्याला सांगायचा नसतो, म्हणून इथे लिहीत नाही.

हात सोडायच्या आधी विकणाऱ्याने जनावराची खोड सांगायची असते. रहमतभाईने सांगितली.

“हे एका वेळी एकाच अंगाले वळते. गार म्हटलं तर चारही खोल्यांत गार. ऊब म्हटली तर चारहीत ऊब. कमीजास्त ज्याचं त्याले देते. पण एका खोलीतून गार मांगितलं आन् दुसरीतून ऊब, तर खाली बसते.”

“बसलं तर?”

“सारं घर समोर उभं राहून एकच गोष्ट मांगत नाई, तोवर उठत नाई.”

“मारकं आहे?”

“छ्या! लई गरीब आहे.”

“आमच्या घरी याच्याहून मोठ्या खोडीचे दोन आहेत,” मी म्हणालो आणि हात सोडला. सौदा झाला.

दोर धरून मी ते पायी घरी आणलं. रस्त्यात ते कुठे अडलं नाही. मोटारीला बिचकलं नाही. चारही तोंडं रांगेत मागून येत होती. शेजारचे मारोतराव पारावर बसले होते.

“दात किती, जानरावभाऊ?” बैलाचं विचारतात तसं त्यांनी वय विचारलं.

“चार.”

“मंग लंबं चालन.”

दारात तानाबाईने त्याच्या पायांवर पाणी घातलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तोंडं घरभर फिरली. प्रत्येकाने आपली खोली शोधली, भिंतीवर वर चढलं आणि जागा धरली. सगळ्यांत लहान तोंड आमच्या खोलीत तानाबाईच्या खाटेजवळ थांबलं. थंडीत तिचे गुडघे धरतात. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

जेवताना मी मुलांना खोड सांगितली. दोघांनी माना हलवल्या. ऐकायचं नसलं की माणसं अशाच माना हलवतात.

दुसऱ्या संध्याकाळी दोघं कामावरून आले. भास्कर आपल्या खोलीतल्या तोंडाला म्हणाला, “गार.” प्रल्हाद आपल्या खोलीत म्हणाला, “ऊब.”

पंखा थांबला. यंत्र भिंतीपासून निघालं, अंगणाच्या मधोमध गेलं, चुन्याच्या रेघेवर पाय दुमडून बसलं. घरातली चारही तोंडं मिटली.

मारोतराव कुंपणावरून वाकले. “शेपूट पिळा.”

“ती नळी आहे.”

“मंग खाली गवत पेटवा. उठते का नाई पहा.”

“मारोतराव, घरी जा.”

बसलेल्या जनावराला मी कधी पराणी टोचली नाही. या वयात टोचणार नव्हतो.

“फसवलं तुम्हाले रहमतभाईनं,” भास्कर म्हणाला.

“त्याने खोड सांगितली होती. मी तुम्हाला सांगितली. तुम्ही ऐकली का?”

भास्कर आत गेला.

सकाळी संपत गवंडी दोरी आणि ओळंबा घेऊन आला. त्याने रेघ पाहिली. रेघेवर बसलेलं यंत्र पाहिलं.

“जानरावभाऊ, हे रेघीवर आहे.”

“आहे.”

“उठवा न.”

“एकट्याच्याने उठत नाही. सगळं घर लागतं.”

“मंग थांबतो,” संपत म्हणाला. विटांवर बसून त्याने तंबाखू मळायला घेतली. रोजाने आलेल्या माणसाला घाई नसते.

मुलांनी पहार लावून पाहिली. मग दोघांनी मिळून जोर लावला. यंत्र रागावलं नाही, फुसफुसलं नाही, कोणाच्या अंगावर गेलं नाही. बसलं होतं तसंच बसून राहिलं. मी ओसरीवरून पाहत होतो. घर मोडू नये म्हणून मी दोन वर्षं बोललो होतो, ओरडलो होतो, एकदा जेवण सोडलं होतं. याने यातलं काही केलं नाही. नेमकं कुठे बसायचं एवढं त्याला कळलं. मला त्याच्यापुढे टोपी काढावीशी वाटली.

तानाबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

“वाटणीच पाह्यजे न तुम्हाले? मंग रीतीनं करा. भिंतीची राहू द्या. भांडण हवेचं आहे, तर हवेचीच वाटणी करा. थोरल्यानं वाटे पाडाचे, धाकट्यानं आधी उचलाचा.”

ही आमच्याकडची जुनी रीत आहे. वाटे पाडणाऱ्याला पहिली निवड नसते. त्यामुळे तो वाटे सारखे पाडतो.

संपतने तंबाखू मळायची थांबवली.

“दिवस मावळल्यापासून जेवणं होईपर्यंत एक वाटा,” भास्कर म्हणाला. “निजल्यापासून उजाडेपर्यंत दुसरा. ज्याचा वाटा, त्याची हवा. साऱ्या घरानं तीच घ्यायची.”

मी मनात वाटे तोलले. सारखे नव्हते. रात्रीचा वाटा उघड उघड मोठा होता. भास्कर लोखंड मापून कापणारा माणूस. त्याला हे कळत नव्हतं असं नाही.

“उचल,” तो प्रल्हादला म्हणाला.

प्रल्हादलाही ते कळलं होतं. तो भास्करच्या हातांकडे पाहत होता. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग आहेत. नवे जुन्यांवर पडलेले.

“मी जेवणापर्यंतचा घेतो.”

“येडा झाला का? रात्र घे न!”

“माह्याजवळ गोधडी आहे. तुह्याजवळ काय आहे?”

भास्करने तोंड फिरवून विटांकडे पाहिलं. मोजत असल्यासारखं.

यंत्राने मान हलवली, पण उठलं नाही. रहमतभाईची अट मला आठवली. एक गोष्ट मागायची होती, आणि ती सगळ्यांनी.

“आत्ता काय मागायचं?” मी विचारलं. “सकाळ कोणाच्याच वाट्यात नाही.”

“सकाळ आईची,” प्रल्हाद म्हणाला.

“बरोबर आहे,” भास्कर म्हणाला.

तानाबाईने गुडघ्यावर हात ठेवला. “मले ऊब पाह्यजे.”

“ऊब,” भास्कर म्हणाला. प्रल्हाद म्हणाला. दोन्ही सुना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. मी म्हणालो. यंत्र अजून थांबलेलं होतं. मी संपतकडे पाहिलं. तो आमच्या घरातला नव्हता, पण अंगणात होता.

“ऊब,” संपत म्हणाला.

यंत्राने आधी मागचे पाय ताठ केले, मग पुढचे. चांगलं जनावर असंच उठतं. पंखा फिरला. घरात चार तोंडं उघडल्याचा आवाज आला.

संपतने तंबाखू तोंडात टाकली. “मंग भिंतीचं काय?”

“ओटा बांध,” मी म्हणालो. “ते बसलं होतं तिथेच. चारही पाय सारखे टेकले पाहिजेत. पाणी निघून जायला उतार ठेव. वर पत्र्याची सावली कर.”

विटा पुरून थोड्या उरल्या. त्या तुळशीला लावल्या.

तेव्हापासून यंत्र ओट्यावर उभं आहे. मी त्याच्याजवळ खाट टाकून बसतो. उन्हाळ्यात घरातली सगळी उष्णता ते आतून ओढून बाहेर आणून टाकतं. थंडीत बाहेरच्या गारठ्यातून ऊब वेचून आत नेतं. गारठ्यात ऊब असते हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत आहे. पाऊस अंगावर घेतं. कोणत्या खोलीत कोण आहे, कोणाला किती हवं, हे विसरत नाही. स्वतः कधी आत येत नाही. कुरकुर नाही. मी पुष्कळ बैल पाहिले आणि पुष्कळ घरधनी पाहिले. असा एखाददुसराच.

रात्री भास्करच्या वाट्यात गारवा बेताचाच असतो. प्रल्हादच्या खोलीतलं तोंड तर नुसतं फुंकर घालतं. तसं त्याला कोण सांगून ठेवतं, ते मी विचारलेलं नाही.

श्रावणाच्या शेवटी पोळा आला. आदल्या संध्याकाळी मी लोणी-हळदीने त्याचे खांदे चोळले आणि रीतीप्रमाणे कानाशी म्हणालो, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” त्याने पंखा हळू केला. पोळ्याला जनावराला कामाला लावत नाहीत. दिवसभर घर उकाड्याने नुसतं शिजत होतं. कोणी गार मागितलं नाही, कोणी ऊब मागितली नाही. सगळे अंगणात ओट्याभोवती बसले.

दुपारनंतर त्याच्या अंगावर झूल टाकली, गोंडे बांधले आणि बैलांबरोबर तोरणाखाली उभं केलं. तोरण तुटल्यावर दारोदार नेलं. बाया त्याचे पाय धुवत आणि श्वासाच्या झुळुकीसाठी क्षणभर जास्तच समोर उभ्या राहत. मारोतरावही आपल्या दारात उभे होते.

“कसं निघालं जनावर?”

“बरं आहे,” मी म्हणालो.

दोर भास्करने धरला होता. प्रल्हाद चार तोंडं सांभाळत मागून येत होता. घरी आल्यावर तानाबाईने यंत्राला पुरणपोळी दिली. त्याने खाल्ली. चार तोंडांना चार वेगळ्या द्याव्या लागल्या.