टाकी धुण्याची वेबसाइट

चंद्रकोर सोसायटीचा फळा कुंडलिकराव मांजरेकरांनी स्वतःच्या हाताने उतरवला, तोही भरल्या पोटी आणि पूर्ण शुद्धीत. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलता आला नाही. (ढकलून पाहिला. जमलं नाही.)

डोंबिवलीतल्या त्या बिल्डिंगचे कुंडलिकराव सेक्रेटरी होते, कारण बाकी कुणालाच व्हायचं नव्हतं. आंबिवलीच्या कंपनीतून ते रिटायर झाले आणि पाठोपाठ पत्नी विमलाबाई गेल्या. तेव्हापासून सकाळी पूजा उरकून जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लिहिणं एवढंच काम उरलं होतं. अक्षर मोत्यासारखं, आणि मजकूर इतका चोख की कुणाला काही विचारायची गरजच पडू नये. पडत नसेच. लोक पाय न थांबवता वाचत आणि पुढे जात. कुंडलिकरावांच्या दाराची बेल वाजायची ती शेजारी घरी नसताना त्यांचं कुरिअर ठेवून घ्यायला. घरात बोलणारा असा एक कुकरच होता, आणि तोही तीन शिट्ट्या झाल्या की गप्प बसायचा.

अशात नव्व्याण्णव साली गल्लीच्या तोंडाशी चित्रा नावाच्या मुलीने सायबर कॅफे काढला. कुंडलिकराव आत शिरले ते उन्हातून जरा पंख्याखाली बसावं म्हणून. बाहेर पडले ते सोसायटीची वेबसाइट काढायचं ठरवून.

"फुकटात पान मिळतं काका," चित्रा म्हणाली. "तुम्ही रोज सूचना लिहा. आणि खाली हे गेस्टबुक. वाचणारा त्यात आपलं म्हणणं लिहितो."

"म्हणजे उलट उत्तर येतं?"

"येतं ना."

कुंडलिकरावांना बाकी काही ऐकू आलं नाही. इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, पण फळा कधी उलट बोलला नव्हता.

आठवडाभर एका बोटाने टायपिंग करून त्यांनी पान उभं केलं. वर सोसायटीचं नाव, खाली सूचना. मग सूचनेच्या खाली थोडं जास्तीचंही येऊ लागलं. आज उपमा करपला. विमल रवा आधी भाजायची की नंतर, ते विचारायचं राहून गेलं. तळाशी किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा होता. तो रोज वाढायचा, आणि कुंडलिकरावांची छाती त्याच्याबरोबर फुगायची. गेस्टबुक मात्र कोरं राहिलं.

"लोक वाचतात, पण लाजतात," ते चित्राला म्हणाले.

"काका, तो आकडा तुमचाच आहे. तुम्ही पान उघडलंत की एकाने वाढतो."

कुंडलिकरावांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. मग त्यांना खरं कारण सापडलं. फळा आयता समोर असताना लोक कशाला कॅफेपर्यंत येतील? त्याच दुपारी त्यांनी स्क्रू काढून फळा खाली घेतला आणि आपल्या पलंगाखाली सरकवला. भिंतीवर एक चिठ्ठी डकवली. यापुढे सर्व सूचना वेबसाइटवर. खाली पत्ता, जो पाठ करायला माणसाला निदान एक सुट्टी काढावी लागली असती.

पहिली सूचना होती रविवारी टाकी धुण्याची. दिवसभर पाणी बंद, आधी भरून ठेवावे. कुंडलिकरावांनी ती वेबसाइटवर टाकली, घरी आले आणि सूचनेचं पालन केलं. पिंप, बादल्या, हंडे, कळशी, सगळं काठोकाठ. पालन करणारे ते एकटेच होते.

रविवारी सकाळी बेल वाजली. कुंडलिकराव धावले. दारात दुसऱ्या मजल्यावरचा जगन उभा होता, कमरेला टॉवेल आणि डोक्याला फेस.

"काका, पाणी गेलेलं आहे."

"वेबसाइटवर लिहिलं होतं की."

"मी ऑफिसात उघडलेली वेबसाइट. नुसती खिचडी अक्षरं दिसली. मला वाटलं कॉम्प्युटरला व्हायरस लागला."

(मराठी फॉन्ट फक्त चित्राच्या एका कॉम्प्युटरवर होता. जगाच्या पाठीवर कुंडलिकरावांचं पान वाचता येईल अशी ती एकच खुर्ची, आणि तिच्यावर बहुतेक वेळ कुंडलिकरावच बसलेले.)

मागोमाग तळमजल्यावरच्या गंगुबाई आल्या, भिजवलेल्या कपड्यांची तक्रार घेऊन. त्यांच्या मागे अख्खी बिल्डिंग. प्रत्येकाने आधी कुंडलिकरावांना फैलावर घेतलं आणि मग त्यांच्या भरलेल्या पिंपाकडे पाहिलं.

"बरं आहे हो," गंगुबाई म्हणाल्या. "सगळ्यांना कोरडं ठेवून स्वतःच्या घरी गंगा."

कुंडलिकरावांनी तांब्या पुढे केला. जगनने तिथल्याच मोरीत डोकं धुतलं. कुणी बादली नेली, कुणी कळशी. पाण्याची वाट बघत माणसं पलंगावर, खुर्च्यांवर, उंबऱ्यावर टेकली आणि शिव्या देता देता गप्पांना लागली. उरलेल्या हंड्यातल्या पाण्याचा कुंडलिकरावांनी चहा टाकला. विमलाबाई गेल्यापासून कपाटातले कप बाहेर निघाले नव्हते, ते निघाले. कुंडलिकरावांनी विचारल्यावर गंगुबाईंनी उपम्याचा रवा आधी भाजायचा असतो हे ऐकवलं, वर अक्कल काढली. कुंडलिकरावांना इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते सारखे स्वयंपाकघरात जात होते.

संध्याकाळी जगनने पलंगाखालचा फळा काढून पुन्हा भिंतीवर ठोकला. सर्वानुमते वेबसाइट बंद झाली.

कुंडलिकराव मात्र शहाणे झाले होते. चोख सूचनेवर बेल वाजत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'रविवारी मीटिंग आहे.' बस्स. वेळ नाही, जागा नाही, विषय नाही. विचारायला यावंच लागणार होतं. त्यांनी जास्तीचं दूध आणलं, कप पुसून मांडले, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि दाराजवळ खुर्ची घेऊन बसले. जिन्यावर पावलं वाजत होती. वर जात होती, खाली जात होती.

दिवेलागणीला ते स्वतःच खाली उतरले. त्यांच्या ओळीखाली जगनने खडूने लिहिलं होतं, 'नेहमीची वेळ, गच्चीवर. कृपया काकांना त्रास देऊ नये.'

"किती जपतात हो तुम्हाला सगळे," जाता जाता गंगुबाई म्हणाल्या.

"हो ना," कुंडलिकराव म्हणाले आणि वर आले. दूध नासायला नको म्हणून त्यांनी चार वेळा चहा घेतला, दर वेळी वेगळ्या कपातून.