वाऱ्यासारखं कार्यालय

मुख्य कार्यालयाने प्रत्येक शाखेकडून एक फोटो मागवला होता. विषय, 'आमचे गतिमान कार्यालय'. ज्या शाखेचा फोटो पसंत पडेल तिथल्या एका माणसाला बढती देऊन वर बोलावणार, अशी कुजबुज होती. शाखेच्या साहेबांना कुजबुज पुरेशी होती आणि त्यांच्या बायकोला तर त्याहूनही कमी. आता घर हलवायचंच म्हणून तिने बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या शेजारणीला देऊनही टाकल्या.

अडचण एवढीच होती, की कार्यालयात गती नावालाही नव्हती. पंखासुद्धा लहर लागली तरच फिरे.

"काळजी नको," फोटोग्राफर कॅमेऱ्याची तिवई उभी करत म्हणाला. "शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवतो. जो हलेल तो पुसट येतो, जो हलणार नाही तो स्पष्ट. बघणाऱ्याला वाटतं, काय धावपळ चाललीय!"

"म्हणजे मी मधोमध खंबीर, आणि हे सगळे माझ्याभोवती वाऱ्यासारखे?"

"अगदी तसंच."

साहेब खूश झाले. त्यांनी नवाकोरा लाल टाय सारखा केला आणि काचा चमकतात म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला.

मधोमध एक टेबल होतं आणि त्या टेबलाशी एक जुने कारकून बसल्या बसल्या झोपले होते. त्यांना सगळे स्थितप्रज्ञ म्हणत. झोपेतून उठवलं की ते आठवडाभराची रजा टाकत, त्यामुळे त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. शेवटी साहेबांनीच युक्ती काढली. हळूच त्यांच्या नाकाखाली फाइल सरकवली, बोटांत पेन अडकवलं आणि स्वतः त्यांच्या मागे उभे राहिले.

पहिला फोटो निघाला. सगळे लख्ख आले, चपलांच्या अंगठ्यांसकट.

"चाललो की आम्ही!" टायपिस्टबाई म्हणाल्या.

"चालला असाल," फोटोग्राफर म्हणाला, "पण कॅमेऱ्याला पत्ता लागला नाही."

साहेबांचा पारा चढला. "अहो, पळा! पगार घेताना पळता तसे पळा!"

मग पळापळ झाली. हिशेबनीस टायपिस्टबाईंवर आदळले, बाई कपाटावर, कपाटावरचे गठ्ठे शिपायावर. "डावीकडून या! गठ्ठा राहू द्या! हसू नका, काम केल्यासारखं तोंड करा!" साहेब दोन्ही हात हवेत फिरवत होते, टाचा उंचावत होते, कधी याच्यावर तर कधी त्याच्यावर खेकसत होते. तेवढ्यात क्लिक झालं.

"वा! हाच!" फोटोग्राफर म्हणाला.

साहेबांनी डोळे बारीक करून कॅमेऱ्यात पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना सगळं धूसरच दिसलं. पण भोवती वादळ आणि मधोमध एक ठाम आकृती, एवढं कळलं. आकृती कुणाची, हा प्रश्न त्यांना पडायचं कारणच नव्हतं. मुदत संपत आली होती. फोटो तिथूनच रवाना झाला.

चार दिवसांनी मुख्य कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. साहेब उभं राहूनच बोलू लागले.

"तुमचा फोटो पहिला आला! काय माणूस आहे तो! आजूबाजूला एवढा गोंधळ, पण गडी मान खाली घालून काम करतोय. पेन हातातून सुटलं नाही त्याच्या. अशीच माणसं हवीत आम्हाला. पाठवून द्या त्यांना."

साहेबांनी टाय सारखा केला. "आणि... मी, सर?"

"तुम्ही आहात का फोटोत?"

"त्यांच्या मागेच, सर. लाल टाय."

"अच्छा, तो लाल पट्टा! आम्हाला वाटलं, पडदा उडतोय."

साहेबांनी फोन ठेवला आणि जाऊन स्वतः स्थितप्रज्ञांना हलवलं. सगळं कार्यालय श्वास रोखून बघत राहिलं. स्थितप्रज्ञांनी एक डोळा उघडला, बढतीची बातमी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "वर फार धावपळ असते म्हणतात?"

"असते," साहेब कसेबसे म्हणाले.

"मग बरं. तिथे उठवायला कुणाला सवड नसेल."

संध्याकाळी साहेब शेजारणीच्या दारासमोर उभे होते. बायकोने कुंड्या परत आणायला पाठवलं होतं. बेल वाजवायला उचललेला हात तसाच वर राहिला होता. पाय हलत नव्हते, पापणी लवत नव्हती, टायसुद्धा सरळ लोंबत होता. कॅमेऱ्याचं शटर कितीही वेळ उघडं ठेवलं असतं, तरी साहेब अगदी स्पष्ट आले असते.