लाइनीवरचे साहेब

वाशीमच्या आमच्या गल्लीत फोन उचलल्यावर आधी तिसऱ्याच माणसाला नमस्कार करणारे गृहस्थ एकच, शेजारचे नामदेवकाका. "लाइनीवरच्या साहेबाले रामराम," असे म्हणून झाले की मग, "हं, बोल शुभा." शुभाताई ही त्यांची नागपूरला दिलेली मुलगी. बोलणेही ठरलेले: ऊन, तुरीचा भाव, पुन्हा ऊन. प्रकृतीचा विषय निघाला की काका फोन बंद करून पिठाच्या डब्यात पुरतात. त्यामुळे त्यांच्या उजव्या कानाला बाराही महिने ज्वारीचे पीठ असते.

मी भौतिकशास्त्र शिकलेली. संदेश कुलूपबंद होऊन जातो, मधल्या कोणालाही तो वाचता येत नाही, हे मी त्यांना आकृती काढून समजावले.

"कुलूप करनाऱ्याजवळ चाबी नसते का वं?"

"पण काका, तुमच्या बोलण्यात कोणाला काय रस असणार?"

"मले तरी कुठी रस होता? माही ड्यूटी होती."

काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी मी जुना तार कायदा आणि नवा दूरसंचार कायदा शेजारी ठेवून वाचले. सरकारला फोन ऐकण्याची मुभा दोन्हींत होती: राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था. शब्द बहुतेक जागच्या जागी होते. हरल्याचे मी प्रामाणिकपणे कबूल केले, पण काकांना जिंकल्याचा आनंदही झाला नाही.

मागच्या महिन्यात शुभाताईच्या गाठीची तपासणी झाली. तिने वडिलांना दोनदा फोन केला; दोन्ही वेळा तो पिठात गेला. शेवटी तिने अहवाल मला पाठवला. "बाबांना तूच सांग." अहवाल वाईट होता.

मी दारात उभी राहिले. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि हात वर केला.

"सांगू नोको. तुले मालूम हाय, येवढं दिसलं मले." मग त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. "आणीबाणीत वरून चिठ्ठी आली. एका मास्तरची लाइन आयकाची, लिहून द्याची. एक दिवस अकोल्याच्या दवाखान्यातून फोन आला, त्याची पोरगी गेली म्हून. बाप रडून राह्यला, अन् मी टाइम लिहून राह्यलो. 'रडला' असंबी लिहिलं."

मी उंबऱ्यावर बसले.

"आठ दिवसानं मास्तर चौकात भेटला. म्या इचारलं, गुरुजी, पोरगी कशी हाय? मले मालूम नाही, असं दाखवा लागे ना."

त्यांनी पिशवीत धोतर आणि टॉवेल भरला. "शुभाच्याच तोंडून आयकतो. तिचं दुखणं हाय, तिनंच सांगावं."

मी त्यांना स्कूटीवरून बसस्थानकावर सोडले. नागपूरची गाडी लागली होती. काका खिडकीशी बसले, आणि गाडी सुटेपर्यंत त्यांनी एकदाही माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.