चपलेसारखी होडी

मंगळवारी बाबांच्या हातातून कप पडला आणि बाबा बोलायचे थांबले. उजवी बाजू गेली, असं डॉक्टर म्हणाले.

पुढच्या मंगळवारी पालघरच्या इस्पितळात, बाबांच्या वॉर्डात सावे सर आले. खांद्याला शबनम, गळ्यात पी.टी.ची शिट्टी. शिट्टी वाजवायला सिस्टरने बंदी घातली होती, तरी ती गळ्यात असायचीच. बोईसरच्या शाळेत ते पी.टी. शिकवत. चित्रकलेचे मास्तर बदलून गेले तेव्हा तोही तास यांच्याकडे आला आणि निवृत्त झाल्यावरही यांनी तो सोडला नाही. दर मंगळवारी पाठकोरे कागद आणि झिजलेले तेलखडू घेऊन हे गृहस्थ खाटांमधून फिरत. खोडरबर दिसला की जप्त. "घाबरू नका, कागद ओरडत नाही," हे वाक्य प्रत्येक खाटेपाशी.

कारखान्यात बोटं भाजलेला एक कामगार म्हणाला, "मास्टरजी, मुझे नहीं आता."

"मुझे भी नहीं आता," सर म्हणाले.

मला तो विनय वाटला. ती वस्तुस्थिती होती.

मी कॉलेजात मराठी शिकवते. कलेने माणूस बरा होतो, असली वाक्यं मी मुलांच्या निबंधात लाल शाईने खोडते. बाबा सातपाटीचे तांडेल, जन्मभर दर्यात सुकाणू धरलेले. त्यांच्या मुठीत खडू कोंबायचा?

"सर, हे बालवाडीत करा," मी तोंडावर म्हणाले.

"तिथे घेत नाहीत हो मला."

मग त्यांनी बाबांसाठी होडी काढली. मागे असायची ती केबिन पुढे, आणि जाळं धुरासारखं वर चाललेलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचे ओठ हलले.

"मास्तर, ही होरी हाय का चप्पल?"

शब्द अर्धे लाळेत भिजलेले, पण खवचटपणा शाबूत होता. सर खूश. "मग दाखवा की, तांडेल." बाबांनी डाव्या हाताने त्याच आखडलेल्या उजव्या मुठीत खडू खोचला आणि केबिनवर काट मारली.

पुढे दर मंगळवारी हेच. सर होडी काढत, बाबा दुरुस्त करत. "मास्तर, अशा होरीत बसलास तर बंदरातच बुडशील." व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खाटेखाली टाकून दिला होता. मूठ सैल झाली, तरी श्रेय मी औषधांनाच दिलं.

आमच्या होडीच्या अंगावरची लाल पट्टी नारळी पौर्णिमेआधी बाबा दर वर्षी स्वतः ओढत. घरी आल्यावर त्या वर्षीही ओढली. वाकडी आली. माझा भाऊ रंगाऱ्याला बोलवायला निघाला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लाकूड ओरडत नाय."

दिवाळीनंतर बाबा गेले.

त्यांच्या उशाशी राहिलेले खडू परत करायला मी शिरगावला सरांच्या घरी गेले. टेबलावर होड्याच होड्या, सगळ्या चपला. समोरच्या भिंतीवर बाबांनी काट मारलेले कागद चिकटवलेले, ते बघून सर काढत बसले होते.

"बायको त्याच वॉर्डात होती," मान वर न करता ते म्हणाले. "मी शेवटपर्यंत सलाईनची बाटली बघत बसलो. तिच्याशी काय बोलायचं, सुचलंच नाही." शिट्टीशी जरा चाळा केला. "तुमचे बाबा ओरडायचे. बरं वाटायचं."

मग कागद माझ्याकडे सरकवला. "आता बरोबर आहे?"

केबिन पुढेच होती.

"मास्तर," मी म्हणाले, "ही होरी हाय का चप्पल?"

सरांनी खडू माझ्या हातात दिला.

होडी आता भाऊ चालवतो. पट्टी वाकडीच आहे. मंगळवारी मी वॉर्डात जाते आणि सरांच्या चुका काढते.