सपाट मैदान आणि गौराबाईची शाल

"एकदा हे मैदान होऊ दे, मग बघा! खालापूरवाले येताना वाजतगाजत येतील आणि जाताना एकमेकांच्या खांद्यावर रडत जातील!"

जगदीशशेठ म्हसे हे वाक्य नेरळच्या बाजारात, शेलूच्या स्टेशनाबाहेर, दोन बारशांत आणि एका दहाव्याला बोलले होते. दहाव्याला तरी बोलायला नको होतं, असं त्यांच्या पत्नीचं, संध्यावहिनींचं म्हणणं. पण शेठना थांबवणार कोण? शेलूत नव्या इमारती उगवायला लागल्या आणि त्यांचं रेती-सिमेंटचं दुकान जोरात चालायला लागलं, तेव्हापासून ते शेठ झाले होते. त्याआधी ते नुसते जगू होते. आणि गेली अकरा वर्षं ते पळसवाडी स्पोर्ट्स क्लब या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते.

या अकरा वर्षांत क्लब घरच्या मैदानावर एकदाही हरला नव्हता, आणि बाहेर एकदाही जिंकला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरी जिंकलो की आपली पोरं वाघ, बाहेर हरलो की रेफरी विकला गेलेला. इतकं सोपं होतं ते.

घरचं मैदान म्हणजे गौराबाईचं भाताचं शेत. कापणी झाली की तिची तीन खाचरं मोकळी व्हायची. मधले बांध पोरांनी तुडवून तुडवून बसवले होते, पण बसलेला बांध म्हणजे गेलेला बांध नव्हे! सगळी जमीन ओढ्याकडे कललेली. एका गोलपुढे म्हशी लोळून लोळून झालेला खड्डा, दुसऱ्या गोलपुढे कायमची ओल. बॉल सरळ मारला की डावीकडे जायचा, डावीकडे मारला की परत घरी यायचा! बाहेरचे संघ दहा मिनिटांत भंजाळून जात. आमची पोरं मात्र डोळे मिटून खेळायची. ठाकरवाडीवरचा जैतू बसलेल्या बांधावर बॉल असा काही आपटायचा, की तो टुणकन उडून समोरच्या गोलीच्या डोक्यावरून जाळ्यात. आणि आपला गोली गजा? तो म्हशींच्या खड्ड्यामागे हाताची घडी घालून उभा असे. बॉल येऊन खड्ड्यात थांबला की वाकून उचलायचा, एवढीच त्याची नोकरी.

स्वतः गौराबाई बांधावर पाय पसरून बसायची आणि सत्तरीच्या खणखणीत आवाजात सगळ्यांना सूचना द्यायची. भातानंतर सगळा गाव शेतात वाल पेरतो. पोरं खेळतात म्हणून गौराबाईनं तीस वर्षं त्या तीन खाचरांत वालाचा एक दाणा टाकला नव्हता.

आणि मग मंजुरी आली. गावठाणाच्या कडेला छोटंसं स्टेडियम! एका बाजूला पत्र्याची शेड, शेडखाली पाच पायऱ्या, पायऱ्यांवर एकशे ऐंशी निळ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला नंबर. कपडे बदलायची खोली, तिला दोन दारं आणि एक नळ. पण शेठचा खरा जीव होता तो मैदानावर. दोन महिने त्यांनी स्वतः उभं राहून रोलर फिरवून घेतला. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही कोपरे स्वतः मापले.

"इथं गोटी ठेवली ना, तर ती जागच्या जागी म्हातारी होईल!" ते येईल त्याला सांगायचे. "आणि मैदानाला कुणी ओरखडा जरी काढला, तरी क्लबातून नाव कट! मग तो गोली असो नायतर माझा सख्खा भाऊ!"

उद्घाटन दिवाळीनंतर झालं. शेठनी गौराबाईला स्टेजवर बोलावलं, लोकरीची शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "काकी, तुमच्या शेताचे क्लबावर लई उपकार हायत. पर आता क्लबाला त्याची गरज नाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गौराबाईनं शाल चिमटीत धरून बघितली.

"ऊबदार हाय," ती म्हणाली. "म्हंजी आता मी वाल पेरू?"

"पेरा की! बिनधास्त पेरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं पेरले.

पहिला सामना कर्जतच्या एका संघाशी. पाच-शून्य. पाच त्यांचे!

काय झालं म्हणून सांगू! जैतूनं सवयीनं पुढ्यातल्या जमिनीवर बॉल आपटला. तिथं बांध नव्हता. बॉल सरळ गेला, सरळच जात राहिला, फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्यापलीकडच्या गोठ्यात शिरला. कॅप्टन ओमकारनं डावीकडच्या पोराला पास द्यायचा म्हणून नेहमीसारखा उजवीकडे मारला. बॉल उजवीकडेच गेला! आणि गजा हाताची घडी घालून वाट बघत उभा राहिला. बॉल त्याच्या पायांमधून आत गेला.

"शेठ, बॉल थांबतच नाय!" गजा रडकुंडीला येऊन ओरडला.

"अरे, तुला कशाला ठेवलाय मग?" शेठ एक नंबरच्या खुर्चीवरून गरजले.

दुसरा सामना चार-शून्य. आता मात्र शेठचं धाबं दणाणलं, कारण कर्जत-खालापूर लीगचा नियम असा: अ गटातल्या क्लबांना घरच्या मैदानावर सामने मिळतात, ब गटाचे सगळे सामने कर्जतला होतात. खालापूरशी शेवटचा सामना जिंकला नाही, की पळसवाडी ब गटात. म्हणजे या नव्याकोऱ्या स्टेडियमवर वर्षभर एकही सामना नाही! एकशे ऐंशी नंबरवाल्या खुर्च्या, आणि बसायला कावळे. शेठना जेवण जाईना.

"अवो, एक सांगू?" भाकरी थापता थापता संध्यावहिनी म्हणाल्या. "आपला संघ बारा जनांचा होता. अकरा पोरं, आनि बारावं ते खड्ड्याचं शेत. तुमी बाराव्यालाच शाल देऊन घालवलात."

"तुला फुटबॉलातलं काय कळतं गं?"

"नाय कळत. भाकरी घ्या."

शेठनी भाकरी घेतली. वहिनींचं बोलणं खरं होतं आणि तेच पचत नव्हतं. गुरुवारी भर दुपारी, सगळा गाव पडवीत लवंडलेला असताना, ते घमेलंभर मुरूम घेऊन मैदानावर गेले. एकच. अगदी छोटासा एकच उंचवटा, उजव्या कोपऱ्याजवळ, जैतूसाठी! थापून झाल्यावर वर हिरवळीचा तुकडा बसवला. ज्या हातांनी नळी धरून सपाटी मापली त्याच हातांनी हे करावं लागलं, म्हणून त्यांना खरंच वाईट वाटलं. मागे वळतात तर समोर गजा, खांद्यावर कुदळ!

"काय रं गजा, कुठं?"

"काय नाय शेठ. गांडुळं. गळाला लावायला." गजाची नजर घमेल्यावर गेली. "तुमी?"

"मी? मीबी गांडुळं."

दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली आणि दोघं दोन वाटांनी गेले. फाटकाशी शेठना जैतू भेटला. डोक्यावर मातीनं भरलेली पाटी.

"चूल घालायचीय शेठ," शेठनी काही विचारायच्या आतच जैतू म्हणाला.

"घाल की, घाल," शेठ म्हणाले आणि रिकामं घमेलं पाठीमागे लपवत घरी पळाले. आपलीच चोरी पचवायची घाई असली, की माणसाला दुसऱ्याची दिसत नाही.

रविवार उजाडला. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी खुर्च्या भरल्या. गौराबाई शाल घेऊन सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. खालापूरच्या संघाचा टेंपो आला तेव्हा त्यांची पोरं एकदम गप्प होती. चेहरे उतरलेले, एकाच्या तर ओठांना कोरड पडलेली. शेठ खूश! पोरं मैदानात उतरली, दोन पावलं चालली, थांबली. पायानं चाचपून बघितलं. एकमेकांच्या कानात काहीतरी बोलली आणि फिदीफिदी हसायला लागली.

"आपलं स्टेडियम बघून येडी झाली," शेठ शेजारच्याला म्हणाले.

खेळ सुरू झाला. पाचव्या मिनिटाला ओमकारनं पास दिला. बॉल शेठच्या उंचवट्याकडे निघाला, पण वाटेत तो आणखी एका उंचवट्यावर आपटला, तिथून तिसऱ्यावर, आणि खालापूरच्या पायात! रेफरी पळता पळता खड्ड्यात गेला आणि पडता पडता त्याच्या तोंडातली शिट्टी वाजली. फाउल कुणाचा, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. शेठ एकेक मोजायला लागले. नऊ उंचवटे! आपला तर एकच होता! म्हणजे ओमकारनं केला, जैतूनं केला, जवळजवळ अख्ख्या संघानं आपापल्या सोयीचा एकेक केला, आणि कुणीही कुणाला सांगितलं नाही!

पण नशीब जोरावर होतं. विसाव्या मिनिटाला जैतूनं स्वतःचा उंचवटा बरोबर गाठला. टुणकन उडाला बॉल, गोलीच्या डोक्यावरून आत! एक-शून्य! आणि गजापुढे तर जादूच चालली होती. खालापूरचे तीन जोरदार फटके त्याच्या गोलपुढे आले, आणि तिन्ही वेळा बॉल हात जोडल्यासारखा जागेवर थांबला. गजानं घडी सोडली, वाकून बॉल उचलला, परत घडी घातली.

"वा रं माझ्या गजा!" शेठ खुर्चीवर उभे राहिले. "गांडुळं सापडली वाटतं!"

मध्यंतर झालं. सरबत झालं. आणि मग रेफरीनं शिट्टी मारून दोन्ही संघांना बाजू बदलायला सांगितलं.

गजा जागचा हलेना. तो खड्ड्याकडे बघत होता, खड्डा त्याच्याकडे.

"चल की रं!" ओमकारनं त्याला ओढलं.

"अरे पण... माझा खड्डा?"

पुढची गोष्ट शेठना अजून आठवत नाही, म्हणजे ते आठवायला तयार नाहीत. खालापूरच्या पोरांनी त्या उंचवट्यांवरून दोन गोल असे मारले, की जणू ते लहानपणापासून तिथंच खेळत आले होते. दोन-एक! शेवटच्या पाच मिनिटांत जैतूला तीन वेळा मोकळा बॉल मिळाला. तिन्ही वेळा त्यानं जीव खाऊन मारला. तिन्ही वेळा बॉल सुसाट गोलकडे गेला आणि रेषेच्या अलीकडे गजाच्या खड्ड्यात जाऊन बसला. खालापूरच्या गोलीनं हाताची घडी घातली होती!

"गजा, मुडद्या!" शेठ ओरडले. "मध्यंतरानंतर गोल कुठं जातो रं?"

"घाईत ध्यानातच आलं नाय, शेठ! जुन्या शेतात दोन्हीकडं सोय होती!"

सामना संपला. खालापूरचा कॅप्टन कान्हा घाम पुसत शेठच्या पाया पडायला आला.

"शेठ, तुमचे उपकार! आमी आठ दिस शाळेच्या फरशीवर प्रॅक्टिस केली. तुमचं मैदान लई सपाट हाय म्हनून सगळ्यांनी भ्या घातलं होतं. आमी आपली खाचरात खेळनारी पोरं, सपाटीवर आमाला जमतच नाय. फरशीवर नुसते पडत होतो! आज हितं पाय टाकला आनि जिवात जीव आला. अगदी घरच्यासारखं वाटलं बघा!"

"म्हणजे... सपाट असतं तर?"

"तर आमी कशाला जिंकतोय!"

शेठ मटकन एक नंबरच्या खुर्चीवर बसले. संध्याकाळी ते मान खाली घालून गौराबाईच्या शेतावर गेले. वाल गुडघाभर वाढला होता आणि फुलांनी पांढरा झाला होता. गौराबाई बांधावर बसून त्याच्याकडे डोळे भरून बघत होती.

"काकी, ते शेत..."

"जगू, तूच म्हनलास ना, बिनधास्त पेरा? तीस वरसांनी पेरलाय रं. निघू दे आता. मग या खेळायला, मी काय नाय म्हनते?"

शेठना गलबलून आलं. या बाईनं तीस वर्षं हे पांढरं फुललेलं शेत आपल्यासाठी सोडलं होतं, आणि आपण तिला एका शालीत गुंडाळून घरी पाठवलं!

मार्चमध्ये वाल निघाला. पोरं परत त्या तीन खाचरांत गेली, आणि पहिल्याच दिवशी जैतूनं बसलेल्या बांधावरून सात गोल मारले. स्टेडियम ओस पडलं होतं. तेव्हा गौराबाई शेठच्या दुकानात आली.

"जगू, वाल वाळवायला, झोडायला खळं लागतं. अख्ख्या गावात सपाट जागा तेवढी तुझीच. पर म्हनं तितं उंचवटे हायत?"

शेठनी दुसऱ्याच दिवशी रोलर आणला. नऊच्या नऊ उंचवटे बसवले, गजाचा खड्डा बुजवला, पुन्हा नळी घेऊन चारही कोपरे मापले. त्यांच्या त्या लाडक्या सपाटीवर अख्ख्या पळसवाडीचा वाल पसरला. बाया झोडायला, पाखडायला बसल्या, बाप्ये आणि म्हातारे शेडखाली निळ्या खुर्च्यांवर. एकशे ऐंशी खुर्च्या परत भरल्या!

दुपारी गौराबाईनं सगळ्यांना गप्प केलं आणि शेठना पुढे बोलावलं. पिशवीतून शाल काढली. तीच, लोकरीची. ती तिनं शेठच्या खांद्यावर पांघरली.

"तीस वरसं मी तुमाला जागा दिली, आज जगूनं आमाला दिली. लई उपकार झाले रं बाबा!"

टाळ्या कडाडल्या. शेठना एकदम भरून आलं. त्यांनी नारळासाठी हात पुढे केला, तो पुढेच राहिला.

"नारळ कुठला आता?" गौराबाई म्हणाली. "तो मी तवाच खाल्ला. बस आता एक नंबरवर आनि कावळे हाकल."

मार्च महिना, दुपारचे दोन, वर तापलेला पत्रा आणि अंगावर लोकरीची शाल! पण शेठ ती काढणार कशी? समोरच गौराबाई वाल पाखडत बसली होती.