आसनग्रहण

नेपाळातल्या ललितपूरच्या ढुंगेटोल युवक क्लबचा इतिहास उज्ज्वल होता, कारण तो जुना होता. वर्तमान इतकेच, की हंगामातला शेवटचा फुटबॉल सामना बरोबरीत सुटला तरी क्लब पहिल्या श्रेणीत टिकणार होता आणि हरला तर खाली जाणार होता. या काळजीने कोच ज्ञानकाजी शिल्पकारांचे जेवण तुटले होते. काळजी कार्यकारिणीलाही होती, पण वेगळी. त्याच मैदानावर, सामन्याआधी, क्लबचा सुवर्णमहोत्सव होता.

महोत्सव म्हटला की आसनग्रहण आले. एकेकाला नावाने पुकारायचे, गळ्यात खादा, म्हणजे मानाचे उपरणे, घालायचा, मंचावर खुर्ची द्यायची. मागे एका माजी अध्यक्षांचे नाव पुकारायचे राहिले, तर त्यांनी रुसून दुसराच क्लब काढला. आज सामना त्याच क्लबशी होता.

"या वेळी कुणी राहता कामा नये," अध्यक्षांनी बजावले.

त्यामुळे मंच भरला. खुर्च्या मैदानात उतरल्या आणि हळूहळू गोलपर्यंत पोचल्या.

"अध्यक्षज्यू, गोलसमोर वॉर्डाचे वडाध्यक्ष बसलेत!" ज्ञानकाजी धावत आले.

"मग बरंच आहे की. आता गोल कसा होतो बघू!"

"अहो, पण पोरं खेळणार कुठे?"

"दाजू, सामना काय, दर शनिवारी असतो. सुवर्णमहोत्सव पुन्हा येणार आहे का?"

रेफरींना विशिष्ट अतिथी म्हणून बसवले गेले. मग दीर्घ सेवेबद्दल गोलकीपर वर गेला. तो गेला म्हणून कर्णधार रुसला, म्हणून तोही गेला. मग बचावफळीतले तिघे, एकत्रच. पाहुण्या संघाला अर्थातच कुणी बोलावले नाही. अपमान गिळून त्यांचे अकराच्या अकरा जण मैदानात उभे राहिले.

"आपले सहाच उरलेत!" ज्ञानकाजी ओरडले. "सातच्या खाली गेलो तर खेळताच येत नाही. एक तरी परत द्या रे!"

"आता आसनग्रहण करतील," माइक म्हणाला, "ज्येष्ठ क्रीडातपस्वी ज्ञानकाजी शिल्पकार!"

ज्ञानकाजी जाब विचारायलाच मंचाकडे निघाले. पायऱ्या चढताना त्यांनी टोपी सारखी केली. उभे आयुष्य क्लबला दिले, पण तपस्वी कुणी म्हटले नव्हते. खादा पडला तशी मानही आपोआप लवली.

"काय हो," बसता बसता त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारले, "ही पहिलीच रांग ना?"

रेफरींनी बसल्या जागेवरून शिटी वाजवून पाहुण्यांना विजयी घोषित केले. क्लब खाली गेला. टाळ्या कडाडून पडल्या, ज्ञानकाजींनीही वाजवल्या.

मग सूत्रसंचालकाने गर्दीवरून नजर फिरवून अदबीने विचारले, "कुणा मान्यवरांचं नाव राहिलं तर नाही ना?"

वाचकहो, तुम्ही आत्ता मान जराशी उंच केलीत, ती त्याला दिसली आहे.