तुळशीपाशी टरफलं

"ब्लास्ट फर्नेसमधून निघालेल्या लोखंडाचा नुसता रंग पाहून जो माणूस त्याचं तापमान सांगते, आनंदराव, त्याले चोराचं तोंड पाहून चोरी सांगाले किती वेळ लागन?"

भैय्याजींचा प्रत्येक तपास या प्रश्नाने सुरू होई. त्यांना उत्तर नको असे. आनंदराव तरी दरवेळी मनातल्या मनात उत्तर शोधत, कारण विचारल्यावर गप्प बसणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

भैय्याजींच्या मते भैय्याजी हे मध्य भारतातले सर्वांत मोठे खासगी गुप्तहेर होते. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी सुपेल्याच्या बाजारातून कार्डं छापून आणली. त्यांवर 'भैय्याजी, गुप्त तपास, संपूर्ण गुप्तता' अशी ठळक अक्षरं होती, आणि ती कार्डं त्यांनी भाजीबाजारात, बँकेत आणि लग्नाच्या पंगतीत वाटली. आपली नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि चाल मांजराची आहे, असं ते सांगत. मांजराची चाल त्यांनी एकदा करून दाखवली तेव्हा शेजारच्या सिंधुताईंच्या जास्वंदीची कुंडी फुटली. आजवर त्यांनी बदललेली चप्पल आणि बेपत्ता मोलकरीण अशी गाजलेली प्रकरणं हाताळली होती. चप्पल त्यांच्याच पायात निघाली. मोलकरीण बेपत्ता नव्हती, तिने काम सोडलं होतं.

आनंदराव त्यांचे सहायक कधी झाले हे आनंदरावांनाही आठवत नव्हतं. सारी नोकरी प्लांटच्या ग्रंथालयात गेली, तिथे फार बोलावं लागत नसे. 'नाही' म्हणायचा सराव तर कधी झालाच नाही. एखादी वस्तू हरवली की 'कुणी घेतली?' असं कुणी विचारायच्या आत त्यांना वाटे, आपणच घेतली असणार.

त्या मे महिन्यात मात्र आनंदरावांकडे स्वतःचं एक गुपित होतं. सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात एक मुंगशीण येत असे. आधी एकटी आली, मग तीन पिलं घेऊन. आईच्या शेपटीमागे पहिलं, पहिल्याच्या शेपटीमागे दुसरं, अशी ती लांबच लांब एकच मुंगूस असल्यासारखी चालत. आनंदरावांना पहिल्या दिवशी वाटलं, आपल्याला भास झाला. दुसऱ्या दिवशी वाटलं, या घुशी असतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि चित्राशी ताडून पाहिलं, तरी चित्र चुकलं असेल अशी शंका राहिलीच.

मग त्यांनी धीर करून तीन गोष्टी केल्या. भिंतीच्या तळाची एक वीट काढली, म्हणजे मागच्या झुडपांतून तिला ये-जा करता यावी. उथळ परळात पाणी भरून जांभळीच्या सावलीत ठेवलं. आणि कोपऱ्यात जुन्या लाकडांवर पालापाचोळा रचला. त्या ढिगाखाली पिलं राहू लागली. बायकोला, रमाबाईंना, त्यांनी सांगितलं की खत करतोय. रमाबाईंनी लग्न झाल्यापासून घरात कुत्रं येऊ दिलं नव्हतं, मांजर येऊ दिलं नव्हतं, पाहुण्यांचा पोपटही व्हरांड्यातच ठेवला होता. त्यांना मुंगशीण कळली तर वीट परत बसेल, या भीतीने आनंदराव रोज सकाळी पुस्तक उलटं धरून अंगणात पाहत बसत.

एकच गोष्ट त्यांना कळत नव्हती. मुंगशीण कुठूनतरी पांढरं शुभ्र अंडं आणी, सिमेंटच्या तुळशीवृंदावनाकडे पाठ करी आणि पुढच्या पायांनी ते मागच्या पायांमधून असं फेके की वृंदावनावर 'टप्प' आवाज होऊन ते फुटे. अंगणात तेवढी टणक वस्तू दुसरी नव्हती. त्यात तुळशीचा अपमान करायचा तिचा काही हेतू नसावा, असं आनंदरावांना वाटे. टरफलं ते गुपचूप उचलत.

एके दिवशी त्यांना उठायला उशीर झाला आणि सिंधुताई आधी आल्या. त्या रोज पूजेची फुलं न्यायला येत, न विचारता.

"अगं बाई बाई बाई! रमाबाई! तुमच्या तुळशीपाशी अंड्याची टरफलं!"

रमाबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या घरात केक आणला तरी आधी त्यात अंडं नाही ना, याची चौकशी होई.

"करणी आहे ही करणी," सिंधुताई म्हणाल्या. "थांबा, मी भैय्याजींले बोलावतो."

"नको नको," आनंदराव आणि रमाबाई एकदमच म्हणाले. पण सिंधुताई गेल्या होत्या.

भैय्याजी आले ते डोक्यावर हेल्मेट घालून. त्यांनी तुळशीभोवती लाल पट्टी बांधली आणि सर्वांना पट्टीबाहेर उभं करून प्लांटमध्ये अपघातानंतर देतात तशी सुरक्षेची सूचना दिली. मग पट्टीत पाय अडकून ते पडले. "इथं निसरडं आहे. नोंद घ्या," ते म्हणाले.

"भैय्याजी, करणीच ना?" सिंधुताईंनी विचारलं.

"ताई, करणीचं अंडं अख्खं राहते. हे फोडून, चाटूनपुसून खाल्लं आहे. भूत असं जीव लावून खात नाई." त्यांनी जमिनीवरच्या काळ्या धुळीकडे पाहिलं. ती धूळ प्लांटच्या धुराड्यांतून येते आणि सेक्टरातल्या सगळ्यांत तिची समान वाटणी होते. "हे पाहा. पाच बोटं. वाढलेली नखं. पाऊल एवढंसं. म्हणजे आरोपी कोण?"

आनंदराव सरकत सरकत कोपऱ्यातल्या ढिगापुढे जाऊन उभे राहिले.

"बुटका माणूस," भैय्याजी म्हणाले. "अनवाणी. आणि सतार वाजवणारा."

"सतार कावून बाप्पा?"

"नखं ताई, नखं!"

सेक्टरात सतार वाजवणारं कुणी नव्हतं. त्यामुळे भैय्याजींचा संशय बळावला, कारण आरोपी ती लपून वाजवत होता.

दुपारपर्यंत दुसरा सिद्धान्त तयार झाला. कुम्हारीकडून अंड्यांच्या गाड्या येतात, त्यांतली टोळी चोरीचा माल धावत्या गाडीतून भिंतीवरून आत फेकते. "प्रयोगानं सिद्ध करतो," म्हणून भैय्याजींनी स्वतः अंडी आणली आणि स्कूटरवरून जाता जाता एक भिंतीपलीकडे भिरकावलं. ते सिंधुताईंच्या गच्चीवर गेलं. तिथे त्यांच्या कुरडया वाळत होत्या.

"मेल्या गुप्तहेरा!" वरून आवाज आला. "माही मेहनत! आता ह्या कुरडया कोण खाईन?"

"दिशा चुकली," भैय्याजी आनंदरावांना म्हणाले. "पण वेग बरोबर होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारा ठरला. भैय्याजी अंगणाकडे पाठ करून खुर्चीवर बसले, कारण ऊन डोळ्यांवर येत होतं. आनंदराव समोर.

"निरीक्षण, आनंदराव, ही कला आहे. मामूली माणूस पाहते, पण त्याले दिसत नाई. मी डोळे मिटून बसलो तरी मले मागं काय चाललं ते कळते."

मागे भिंतीच्या भोकातून मुंगशीण आली. ती परळातलं पाणी प्यायली. मग ढिगाखालून पिलं निघाली आणि चौघांची मिरवणूक भैय्याजींच्या खुर्चीमागून शिस्तीत गेली. शेवटचं पिलू थांबलं, त्याने भैय्याजींच्या चपलेचा अंगठा हुंगला, शिंकलं आणि पळालं.

"सर्दी झाली काय तुमाले?"

"हो. थोडी," आनंदराव म्हणाले.

"जपत जा. माह्या नजरेतून काही सुटत नाई."

आनंदरावांना हसू आलं नाही, कारण त्यांना घाम फुटला होता. तेवढ्यात घारीची ती नजर, वळून पाहताना योगायोगाने, भिंतीच्या तळाशी गेली.

"हे भोक कधीचं?"

आनंदराव कपाळ पुसू लागले.

"समजलं! बुटका इथून येते. सरपटत. सतार बाहेर ठेवते." भैय्याजी उठले. "आता रूट कॉजच बंद करतो. सिंधुताई, तुमच्याकडं गच्चीच्या कामाचं सिमेंट उरलं आहे ना? आणा!"

कुरडयांचा राग अजून होता तरी सिंधुताईंनी सिमेंट आणलं, घमेलं आणलं, थापीही आणली. ज्याने आपल्या मैत्रिणीची तुळस बाटवली त्याला त्या सोडणार नव्हत्या. रमाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावला.

भैय्याजी पाणी ओतून सिमेंट कालवू लागले. मुंगशीण त्याआधीच भोकातून बाहेर, झुडपांकडे गेली होती. पिलं परत ढिगाखाली. आनंदरावांनी ते पाहिलं होतं. भिंत उंच होती. मे महिन्याचं ऊन चढत होतं. आणखी चार थापा, की आई एकीकडे आणि पिलं एकीकडे.

खरं सांगावं तर मुंगशीण कळणार. मग एकजण पिंजरा आणणार, दुसरी काठी, आणि रमाबाई वीट. खोटं सांगावं तर, आनंदरावांना खोटं सांगता येत नव्हतं. त्यांना नीट खरंही सांगता येत नसे.

"थांबा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना परत म्हणावं लागलं. "थांबा भैय्याजी. मी खाल्ली."

"काय खाल्लं?"

"अंडी. मीच. लपून."

थापी हवेत राहिली. सिंधुताई मटकन जोत्यावर बसल्या.

"अरे देवा, भाऊजी! तुम्ही? तुम्ही तं लग्नात बाजूच्या ताटात आमलेट पाहून उठून जाता!"

"म्हणूनच," भैय्याजी हळूच म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "उठून जाणारा माणूसच लपून खाते. मले पहिल्या दिवसापासून संशय होता. फक्त सतार बसत नव्हती." त्यांनी आनंदरावांच्या बोटांकडे पाहिलं. "नखं कधी कापली?"

"परवा."

"पुरावा नष्ट केला," भैय्याजी म्हणाले आणि घमेलं उचललं. "केस बंद. भोक बुजवायची गरज नाई. माह्याकडून गुपित फुटणार नाई, कार्डावरच लिहिलं आहे."

दोघं गेली. अंगणात आनंदराव आणि रमाबाई उरले. आनंदराव वृंदावनाकडे पाहत होते, रमाबाई आनंदरावांकडे.

"कच्चं खाल्लं का उकडून?" त्यांनी विचारलं.

"कच्चं."

"कुठं?"

"इथेच. तुळशीपाशी." त्यांनी हात जोडले. "क्षमा कर."

"चव कशी असते?"

आनंदरावांनी फार विचार केला. "बरी होती. जराशी गोड."

रमाबाईंनी तोंडावरचा पदर काढला. त्या रडताहेत असं आनंदरावांना वाटलं, पण त्या हसत होत्या, इतक्या की त्यांना वृंदावनाचा आधार घ्यावा लागला.

"गोड! अहो, गोड! अंडी मी आणून राहिली. सुपेल्यात गुड्डूच्या ठेल्यावरून, लाल भाजीखाली लपवून. तुमाले वास आला तर घर सोडून जाल म्हणून मी चौकटीला कापूर लावत होती!"

"तू? कावून?"

"तिच्यासाठी. तीन लेकरं अंगावर पिऊन राहिली तिच्या, अन् ती काय होती, नुसती हाडं. आमच्या तुमसरच्या परसात होती एक, मायनं तिला अंडं ठेवलं होतं. मी कोपऱ्यात ठेवायची, पण ती तुळशीवरच नेऊन फोडते, आता तिला काय सांगू? सकाळी धुवायला यायची तं टरफलं आधीच उचललेली. मले वाटलं, तुळशीमायनं माफ केलं." त्या थांबल्या. "म्हणजे पाणी तुम्ही ठेवत होते?"

"हो."

"अन् ते खत?"

"खत नाही."

"मले वाटलंच. खताला कोणी इतकं गोंजारत बसत नाई."

इतकी वर्षं एका घरात राहून एकमेकांपासून मुंगूस लपवायला दोघं किती झटली, या विचाराने आनंदराव लाजले, आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपलं काही फार चुकलं नसावं.

गुपित संध्याकाळपर्यंत बँकेच्या रांगेत पोहोचलं. आनंदरावांना वाटलं आता बहिष्कार. पण दुसऱ्याच दिवशी सिंधुताईंनी भिंतीवरून कागदाच्या पुडीत एक अंडं दिलं. "भाऊजी, माणसाले कधी वाटते. खा. पण तुळशीपाशी नको." मग समोरच्यांकडून दोन आली, भाजीवाल्याने पिशवीत एक गुपचूप सरकवलं. भैय्याजींनी तर शर्टाच्या खिशातून आणलं, कच्चंच, आणि डोळा मारला. दयाळू माणसांचा सेक्टर आहे. रमाबाईंना अंड्यांसाठी सुपेल्याला जावं लागलं नाही. जी अंडी जास्त झाली ती त्यांनी भाजीला गेल्यावर गुड्डूलाच नेऊन दिली. त्यानंतर त्यांनी वृंदावनाशेजारी एक मोठा दगड आणून ठेवला. मुंगशिणीने तो हुंगला आणि अंडं वृंदावनावरच फोडलं.

एका सकाळी भैय्याजी चहाला आले आणि नेहमीप्रमाणे अंगणाकडे पाठ करून बसले. "निरीक्षणच सगळं असते, आनंदराव. त्या दिवशी मी तुमच्या घामावरून ओळखलं होतं."

त्यांच्या मागे 'टप्प' आवाज झाला.

भैय्याजींनी बशी खाली ठेवली नाही, मान वळवली नाही. बोट वर करून ते म्हणाले, "कैरी पडली. आवाजावरून सांगतो. पाडाची आहे."

"हाव, भैय्याजी," रमाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. अंगणात जांभूळ होतं, जास्वंद होती. आंब्याचं झाड नव्हतं.